पडद्यावरचे आप्पा

पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर, खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर, खिडकीच्या कट्ट्यावर माणसं बसली होती. उशिरा आलेले दारात टाचा उंचावून उभे होते. पडदे ओढलेले, दिवा मालवलेला. उजेड होता तो कोपऱ्यातल्या टेबलावरच्या जुन्या संगणकाचा, आणि त्या निळसर उजेडात सगळ्यांचे चेहरे आजाऱ्यांसारखे दिसत होते.

टेबलाशेजारी लहरीगुरू उभे होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढराशुभ्र सदरा, हातात तांब्याची एक कांडी. तिला ते लहरदंड म्हणायचे.

"मोबाईल बंद करा," ते म्हणाले. "तुमच्या मोबाईलच्या लहरी आप्पांच्या लहरींना धक्के देतात. गर्दीतून वाट काढत येतायत ते, जरा समजून घ्या. आत्मा म्हणजे तरी काय हो? करंट. शरीराचा प्लग निघाला म्हणून करंट मरतो का? तो जवळचा सॉकेट शोधतो. आप्पांनी हा शोधला."

कुणीतरी हुंदका आवरला. गुरूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे ओझरतं पाहिलं, डोळे मिटले आणि कांडी पडद्यासमोर धरली. "या आप्पा. सगळे तुमच्यासाठी थांबलेत."

थोडा वेळ गेला. मग टिंग असा बारीक आवाज झाला आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक चौकट हळूच वर सरकली. चौकटीत आप्पांचा गोल फोटो, नाकाच्या शेंड्यावर आलेला तोच चष्मा. शेजारी नाव: आप्पा. आणि त्याखाली शब्द उमटले: *मी इथेच आहे. काळजी करु नका. मी नेहमी तुमच्या सोबत आहे.*

खोलीभर एक सुस्कारा पसरला. पुढच्या खुर्चीत बसलेल्या आईने दोन्ही हात छातीशी धरले आणि पडद्याकडे बघून मान हलवली, जशी ती आप्पा कामाला निघताना हलवायची.

स्वयंपाकघराच्या दारात तिची थोरली लेक उभी होती. घरात तिला सगळे ताई म्हणत. ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि कामावरून घरी जाताना रोज आईकडे डोकावायची. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. ती ते शब्द पुन्हा पुन्हा वाचत होती.

आप्पा हयातभर एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुकानाची पाटी चुकीची दिसली तर आत शिरून मालकाला सांगायचे. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवायचे. 'करू' मधला रू त्यांच्यासमोर कुणी ऱ्हस्व काढला की त्यांना पायात खडा गेल्यासारखं व्हायचं.

माणसं पांगल्यावर तिने धाकट्या भावाला गाठलं.

"आप्पा 'करु' ऱ्हस्व लिहितील? आणि 'तुमच्या' तोडून 'सोबत' वेगळं? आणि आईला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागले?"

धाकट्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. उत्तर गुरूंनी दिलं. ते पाणी पीत शेजारीच उभे होते.

"ऱ्हस्व-दीर्घ देहाला असतं, ताई. आत्म्याला कुठलं? आणि वर गेल्यावर माणूस सगळ्यांना अहो-जाहो करतो. अहंकार गळतो ना."

बोलणं इतकं गुळगुळीत होतं की त्याला धरायला कुठे कंगोराच सापडत नव्हता.

आप्पा हिवाळा सरता सरता गेले होते. त्यानंतर घर काही दिवस पाहुण्यांनी भरलं आणि मग एकदम रिकामं झालं. आई आणि धाकटा, दोघंच. धाकट्याचं आणि आप्पांचं गेलं वर्षभर बोलणं नव्हतं. छापखान्यात आप्पांनी लावून दिलेली नोकरी त्याने सोडली, त्यावरून ठिणगी पडली आणि दोघेही हट्टाला पेटले. एका टेबलावर जेवायचे, पण मीठ हवं असलं तरी आईकरवी मागायचे. आणि एका दुपारी आप्पा खुर्चीत बसल्या बसल्या गेले, तेव्हा धाकटा घरात नव्हता.

पुढे कधीतरी त्याने आप्पांचे जुने फोटो जमवले, आप्पांच्याच संगणकावर एकामागून एक सरकणारी छोटी फिल्म केली आणि आईला दाखवली. दोघं रडले. दुसऱ्या दिवशी आई एकटी टेबल पुसत असताना ती चौकट पहिल्यांदा वर आली. संध्याकाळी धाकटा परतला, तर आई जमिनीवर बसून पडद्याशी बोलत होती.

वरच्या मजल्यावरच्या मावशींना कळलं, त्यांनी लहरीगुरूंना आणलं आणि बघता बघता ती खोली घराची राहिली नाही. दर आठवड्याला लहरीसभा भरू लागली. माणसं फुलं घेऊन यायची, टेबलावरच्या बरणीत पैशांची पाकिटं टाकायची आणि प्रश्न विचारायची. धाकटा प्रश्न टाइप करायचा, उत्तर त्याच चौकटीत यायचं.

एकदा मावशींनी विचारलं, "माझा मुलगा परदेशात गेलाय, फोनच करत नाही. परत येईल का?"

उत्तर आलं: *परदेशात स्थायिक व्हा. उत्तम संधी तुमची वाट पाहत आहे. इथे दाबा.*

"पाहिलंत?" गुरू हलक्या आवाजात म्हणाले. "'परदेशात' म्हणाले. मुलगा परदेशात आहे हे आप्पांना कुणी सांगितलं?"

मावशींनीच सांगितलं होतं, आत्ताच, सगळ्यांसमोर. पण खोलीत कुणालाच ते आठवेना. ताईने तोंड उघडलं आणि मावशींचे डोळे पाहून मिटलं. त्या बाईंना किती तरी महिन्यांनी कुणीतरी मुलाबद्दल काही सांगत होतं. त्यावर पाणी कसं ओतायचं?

हाच तिचा घोळ होता. आईला झोप लागायला लागली होती. धाकटा वेळेवर घरी यायला लागला होता. चौकट आली की तो पडद्याजवळ खुर्ची ओढून बसायचा आणि 'मी नेहमी तुमच्या सोबत आहे' हे वाक्य असं वाचायचा की ताईला नजर दुसरीकडे वळवावी लागे. कुणाचं काय बिघडतंय, असं ती स्वतःला समजावत राहिली. दुःखातली माणसं आहेत, हळूहळू सावरतील. तिला वाटत होतं ती सबुरीने घेतेय. खरं म्हणजे तिला वाईट व्हायचं नव्हतं.

मग एका संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की आई सारखी पाणी पितेय. ग्लास ठेवला की पुन्हा भरतेय. ओठ सुकलेले, डोळे जड, बोलता बोलता शब्द घरंगळतायत. आईला साखरेचा आजार जुना होता, पण गोळ्यांनी तो वर्षानुवर्षं आटोक्यात होता.

"आई, गोळ्या घेतेस ना?"

"हो गं."

हे 'हो' ताईला ओळखीचं होतं. तिने तिथल्या तिथे आईचं रक्त घेतलं आणि स्वतः प्रयोगशाळेत नेऊन लावलं. आकडा आला तेव्हा तिला वाटलं, मशीन बिघडलं. पुन्हा लावलं. मशीन ठीक होतं.

आईला तसंच हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शब्द चावत नव्हत्या. "आणखी उशीर झाला असता तर बेशुद्धच आल्या असत्या. गोळ्या बंद केल्यात यांनी. कधीच्या केल्यात."

सलाईन लागलं, आईला थोडी तरतरी आली, तेव्हा ताई पलंगाच्या कडेला बसली.

"कुणी सांगितलं तुला गोळ्या सोडायला?"

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "यांनी."

"यांनी म्हणजे?"

"आप्पांनी. दुपारी आले होते. मी एकटीच होते. म्हणाले, साखरेच्या गोळ्या आजच बंद करा, मुळापासून उपाय आहे. मी गुरूंना विचारलं. ते म्हणाले, आप्पांचा शब्द मोडू नका. मग आप्पांनी दाखवलेलं चूर्ण मागवलं. धाकट्यानेच पार्सल घेतलं." आईने तिचा हात धरला. "तू रागावू नकोस. चाळीस वर्षं त्यांचं ऐकलं मी, तेव्हा काही वाईट झालं नाही."

ताई बाहेर व्हरांड्यात आली आणि बाकावर बसून राहिली. राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. गुरूवर होताच. धाकट्यावर होता. आणि दारात उभं राहून ते सगळं समजूतदारपणे बघत बसलेल्या एका बाईवर तर सगळ्यात जास्त होता.

प्रयोगशाळेत एक साधी रीत असते. मशीनने विचित्र आकडा दाखवला की लगेच त्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि रोग्यालाही घाबरवायचं नाही. आधी ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असा नमुना त्याच मशीनला द्यायचा. दोन्हीकडे तोच विचित्रपणा दिसला, तर तो रोग्यात नाही, मशीनमध्ये आहे. ताई हे रोज करायची. इतक्या सवयीने, की घरातल्या गोष्टीला ते लावता येईल हे तिला त्या बाकावर बसेपर्यंत सुचलं नव्हतं.

ती परत आत गेली. "आई, आप्पा पहिल्यांदा दिसले कधी?"

"धाकट्याने फिल्म दाखवली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

आप्पांना जाऊन तोवर कितीतरी आठवडे झाले होते. आत्म्याला सॉकेट शोधायला इतका वेळ का लागला? आणि नेमकी फिल्मचीच वाट का पाहिली?

तिने धाकट्याला फोन करून एवढंच विचारलं, "फिल्म कशावर केलीस?" तो म्हणाला, फोटो जोडायचा एक फुकटचा प्रोग्राम होता, शोधल्यावर पहिलाच आला, उतरवून घेतला. नाव सांगितलं. आवाजावरून तो हॉस्पिटलच्या फाटकापाशीच कुठेतरी उभा असावा. आत यायचा त्याला धीर होत नव्हता.

प्रयोगशाळेत एक जुना लॅपटॉप पडून होता. आतलं सगळं पुसलेला, कोरा. ताईने वरिष्ठांना विचारून तो घेतला. त्यावर नवं खातं उघडताना नाव विचारलं, तेव्हा तिने समोर जे दिसलं ते लिहिलं: फ्रीज. फोटोही फ्रीजचाच काढून लावला. नमुने ठेवायचा पांढरा, दाराला गंज चढलेला फ्रीज. त्या फ्रीजमध्ये कुणी मेलेलं नव्हतं, याची तिला खात्री होती.

मग तिने तोच प्रोग्राम, त्याच पहिल्या जागेवरून उतरवला. आणि धाकट्याने केलं असेल तसंच केलं. समोर मोठं हिरवं बटण आलं, पुढे, दाबलं. पुन्हा पुढे. मान्य. पुढे. झालं. फोटो जोडायचा प्रोग्राम आला, चांगला चालतही होता. ती शेजारी नमुने लावत बसली. कामात गुंतली असतानाच टिंग झालं.

पडद्याच्या कोपऱ्यातून चौकट वर सरकली. गोल फोटोत गंजका फ्रीज. नाव: फ्रीज. आणि खाली: *मी इथेच आहे. काळजी करु नका. मी नेहमी तुमच्या सोबत आहे.*

ताईला हसू फुटलं. ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची मुलगी बघायला लागली. आणि हसता हसताच तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. त्या वाक्यावर धाकटा किती संध्याकाळी जगला होता ते तिने पाहिलं होतं.

पण काम अर्धंच झालं होतं. चौकट किती किती वेळाने येते ते तिने घड्याळ लावून पाहिलं, मग सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी वाचत वाचत. तेव्हा दिसलं की हिरव्या बटणाच्या खाली फिकट करड्या अक्षरांत आणखी एक वाट होती: 'स्वतः निवडा'. ती निवडल्यावर आत चौकोन निघाले, आणि त्यात बरोबरच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या. एक 'साथी' नावाचा मदतनीस. एक शोधाचं पान बदलणारा. एक खरेदीचे सल्ले देणारा. पुढचं पान तर असं सजवलेलं की वाटावं, मूळ प्रोग्रामचाच करार आहे. मोठं 'मान्य' आणि दिसेल न दिसेल असं 'नको'. तिने एकेक खूण काढली, 'नको' शोधून दाबलं. फोटोंचा प्रोग्राम तितकाच छान आला. लॅपटॉप दिवसभर चालू ठेवला. फ्रीज एकदाही बोलला नाही.

आई घरी आली त्या आठवड्यात लहरीगुरूंनी खास सभा ठेवली. आप्पांना आता मोठी जागा हवी आहे, असा लहरींचा संदेश होता; संगणक गुरूंच्या केंद्रात न्यायचा होता. खोली पुन्हा खच्चून भरली. आई अशक्त होती, पण गोळ्या घेत होती, कारण ताई समोर उभी राहून घ्यायला लावत होती. धाकटा भिंतीला टेकून उभा होता.

ताईने पडदे बाजूला केले. खोलीत उजेड आल्यावर माणसं डोळे चोळू लागली.

"उजेडाने लहरी विरतात," गुरू म्हणाले.

"थोडा वेळच," ताई म्हणाली. "गुरुजी, तुमच्या पत्रकावर तुमचा फोटो आहे, तो वापरू का?"

"अवश्य. लोककल्याणासाठी अवश्य वापरा."

तिने आप्पांच्या संगणकाशेजारी तो लॅपटॉप ठेवला. नवं खातं उघडलं, नाव लिहिलं लहरीगुरू, पत्रकावरच्या फोटोचा फोटो काढून लावला आणि फोटो जोडायचा तोच प्रोग्राम उतरवायला घेतला. मग मावशींना जवळ बोलावलं. "मावशी, मी हात लावत नाही. तुम्ही करा. जे मोठं बटण दिसेल ते दाबत जा."

"मला नाही गं जमायचं हे."

"मोठं बटण दाबायला काय जमायचंय? पुढे म्हणेल, पुढे जा."

मावशींनी दाबलं. पुढे, पुढे, मान्य, पुढे. मग सगळे बसून राहिले. गुरू बोलत होते. विज्ञान कुठे संपतं आणि अनुभूती कुठे सुरू होते, लहरींना वेग असतो पण घाई नसते, असं बरंच काही. ताई मध्येच म्हणाली, "गुरुजी, आप्पांचा संगणक मी आत्ताच चालू केलाय. त्यांना बोलवा ना."

गुरूंची नजर घड्याळाकडे गेली. तिथे नुसता खिळा होता. ताईने घड्याळ सकाळीच उतरवून आतल्या खोलीत ठेवलं होतं. त्यांनी कांडी उचलली. "या आप्पा."

कुणी आलं नाही.

"आप्पा, या."

पडद्यावर फक्त आप्पांनी लावलेलं डोंगराचं चित्र होतं.

"मनात शंका असली की ते येत नाहीत," गुरू म्हणाले.

"शंकेचं काही नाही," ताई म्हणाली. "चालू केल्यावर चहा उकळायला लागतो तेवढा वेळ जावा लागतो, मग येतो. त्यानंतर ठरावीक वेळाने येत राहतो. तुम्ही घड्याळ बघून बोलावत होतात. म्हणजे हे तुम्हाला ठाऊक होतं."

गुरू काही बोलणार, तोच टिंग झालं, पण लॅपटॉपवर. चौकट वर आली. गोल फोटोत पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. नाव: लहरीगुरू. *मी इथेच आहे. काळजी करु नका. मी नेहमी तुमच्या सोबत आहे.*

मग मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अगदी शांतपणे विचारलं, "गुरुजी, तुम्ही कधी गेलात?"

एकजण हसला, मग आणखी दोघं. पण हसू पसरलं नाही. बहुतेकांना हसावं की कुठे तोंड लपवावं हे कळत नव्हतं. मावशी स्वतःच्या बोटाकडे बघत होत्या, जणू त्या बोटानेच काही तरी केलं होतं.

"हा कुणाचा आत्मा नाही," ताई म्हणाली. "हा एक प्रोग्राम आहे, साथी नावाचा. फोटोंचा प्रोग्राम फुकट मिळतो, त्याच्या पाठुंगळी बसून हा येतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं, पण 'येऊ नको' असंही कुणी सांगितलेलं नसतं. आत आला की खात्यावरचं नाव आणि फोटो उचलतो, कारण स्वतःचं नाव दिसलं की मालकाला आपुलकी वाटते. आप्पांनी स्वतःचं नाव लावलं होतं. मालक गेलाय, हे त्याला कोण सांगणार?"

"आणि उत्तरं?" कुणीतरी विचारलं.

"जाहिराती. तुमच्या प्रश्नातला एखादा शब्द धरून जाहिरात दाखवतो. आमच्या घरी साखरेबद्दल सतत काहीतरी शोधलं जायचं, म्हणून त्याने साखरेवरचं चूर्ण विकायला काढलं. वर फोटो आप्पांचा, म्हणून आईने औषध सोडलं." तिने आईकडे पाहिलं. "ती मरणाच्या दारातून परत आलीय. तिला परत तिथे धाडायचं नसेल तर हे सगळं नीट ऐका."

लहरीगुरूंनी कांडी सदऱ्याच्या खिशात घातली. "प्रत्येकाची पात्रता असते," असं म्हणत ते माणसांमधून वाट काढत निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही आणि कुणी सोबतही गेलं नाही. बाकीचे एकेक करून उठले. जाताना काहीजण आईजवळ घुटमळले.

खोलीत तिघंच उरल्यावर ताई आप्पांच्या संगणकासमोर बसली. साथीला काढून टाकायची आज्ञा दिली. लगेच मोठी चौकट आली, मधोमध आप्पांचा फोटो: *मला काढून टाकू नका. मी परत येऊ शकणार नाही. तुम्हाला खात्री आहे का?*

तिचं बोट थांबलं. तिला सगळं ठाऊक होतं, तिने ते दोनदा करून पाहिलं होतं, तरी थांबलं.

"थांब जरा," आई मागून म्हणाली.

ती उठून आली, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. बराच वेळ त्या फोटोकडे बघत होती.

"मला अर्धं माहीत होतं गं," ती म्हणाली. "हे कधी असं गयावया करायचे नाहीत. पण संध्याकाळी घरात कुणीतरी 'मी आहे' म्हणतंय, एवढंच मला पुरत होतं. कोण म्हणतंय ते मी विचारलंच नाही." तिने वाकून माऊस हातात घेतला. "कुठे दाबायचं?"

'ठेवा' हे बटण मोठं आणि हिरवं होतं. 'काढून टाका' ही अक्षरं खाली, फिकट, जवळजवळ पांढऱ्यावर पांढरी. ताईने बोटाने दाखवली. आईने डोळे बारीक करून ती शोधली आणि दाबली. चौकट मिटली. त्याच्या मागोमाग त्यांनी शोधाचं पान बदलणारा काढला, खरेदीचा सल्लागार काढला.

धाकटा अजून भिंतीशीच होता.

"म्हणजे ते माझ्याशी काहीच बोलले नाहीत," तो म्हणाला. "शेवटपर्यंत."

ताईला कुणी खोटं बोलायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला त्या क्षणी वाटलं. ती म्हणाली, "नाही बोलले."

"मग त्यांनी मला माफ केलं का नाही, ते आता कळणारच नाही."

"नाही कळणार," आई म्हणाली. "रागावलेले होते तुझ्यावर, हे खरं. आणि तुला उशीर झाला की ताटावर झाकण ठेवायला मला सांगायचे, हेही खरं. मी हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही दोघं मला निरोप्या करून ठेवलं होतं, आणि नेमका हाच निरोप मी दिला नाही."

तो खाली बसला आणि मोठ्याने रडला. त्या चौकटीसमोर तो इतके आठवडे बसला होता, पण असं एकदाही रडला नव्हता. ताई त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. तिने त्याला समजावलं नाही.

पुढे कितीतरी दिवस लोक तिला आपापले संगणक दाखवायला बोलावत राहिले. मावशींच्या संगणकात तर इतके आगंतुक सापडले की मूळ काम करायला त्याला जागाच उरली नव्हती. ताई सगळ्यांना एकच सांगायची, आणि तेच इथे सांगण्यासारखं आहे. फुकटचा प्रोग्राम घ्यायला हरकत नाही, पण ज्याने तो बनवला त्याच्याच दारातून घ्या, वाटेत उभ्या असलेल्या दलालाकडून नको. मोठं बटण घाईने दाबू नका; फिकट अक्षरं आधी वाचा. 'स्वतः निवडा' शोधा, आधीच करून ठेवलेल्या खुणा काढा, आणि 'नको' म्हणायला लाजू नका. औषध सोडायचं असेल तर डॉक्टरला विचारा, पडद्याला नाही. आणि कुणी चमत्कार दाखवला, मग तो पडद्यावरचा असो की सदऱ्यातला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हेच दुसरीकडे करून पाहिलं तर काय होईल?

हा प्रश्न विचारल्याने गेलेलं माणूस परत येत नाही. पण जे घरात आहे ते वाचतं.